परक्या गाडीची उशी

मोटारगाडी ही परभणीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं आतां केवळ वकील, डॉक्टर आणि कापसाचे व्यापारी यांचीच मिरास राहिलेली नाहीं. शाळेंतील शिक्षक, बँकेंतील कारकून, किराणा दुकानदार, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर चार एकर ऊंस असलेला शेतकरी, अशा मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या दारांतही ती उभी दिसते. मात्र अशा घरची गाडी पुष्कळदां दुसऱ्याच्या हातून आलेली असते, आणि तीही त्या जातीच्या गाड्यांतील सर्वांत स्वस्त दर्जाची. कारखानदार एकाच नांवाची गाडी तीन-चार दर्जांची काढतो. वरच्या दर्जाच्या गाडींत ज्या सोयी असतात त्यांपैकीं कित्येक खालच्या दर्जाच्या गाडींत गाळलेल्या असतात. मागच्या बांकावरील हेडरेस्ट, म्हणजे डोक्यामागची उशी, ही अशा गाळलेल्या सोयींपैकीं एक होय.

प्रथम प्रथम याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. मग एखाद्या दिवशीं घरांतील वृद्ध आजीबाईंना घेऊन गंगाखेडास जनाबाईंच्या दर्शनाला जाण्याचा योग येतो. संध्याकाळीं घरीं परतल्यावर आजीबाई मान चोळीत म्हणतात, "गाडी चांगली आहे रे बाळा, पण मान टेकावी कुठें?" दुसऱ्याच दिवशीं चिरंजीव गाडी घेऊन गॅरेज गांठतात. तेथें कोपऱ्यांत मोडीत निघालेल्या दुसऱ्या एका गाडीचीं आसनें पडलेलीं असतात. मिस्त्री त्यांतून दोन उशा उपसून काढतो आणि म्हणतो, "साहेब, ह्या बसवून देतों. दोन दांड्या आणि वर एक गादी, त्यांत आहे काय?"

त्यांत काय आहे, हेंच येथें पाहावयाचें आहे. एका जातीच्या गाडीची उशी दुसऱ्या जातीच्या गाडीला लावणें हें काम मिस्त्री म्हणतो तितकें सोपें नाहीं. परंतु ज्याला तें समजून करावयाचें आहे त्याला तें फारसें अवघडही नाहीं. पांच मापें जुळलीं पाहिजेत आणि बसविल्यानंतर दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत, इतकेंच. पण हीं मापें कां जुळावीं हें कळण्यासाठीं, ही उशी गाडींत कशासाठीं आली तें आधीं जाणून घेणें अवश्य आहे.

हेडरेस्ट या शब्दाचा सरळ अर्थ डोक्याचा विसावा असा होतो, आणि या नांवामुळेंच बहुतेकांची फसगत होते. मोटारींच्या सुरक्षिततेच्या नियमांत तिला विसावा म्हणत नाहींत. तेथें तिला जें नांव आहे त्याचा अर्थ डोकें आवरून धरणारा अडसर असा आहे. एस. टी.च्या गाडींत उभ्या असलेल्या उतारूला याचें मर्म अनुभवानें ठाऊक असतें. गाडी एकाएकीं सुरू झाली कीं पाय गाडीबरोबर पुढें जातात आणि अंग मागें झुकतें. स्थिर असलेला पदार्थ स्थिरच राहूं पाहतो, हा न्यूटनचा नियम शाळेंतील मुलेंही जाणतात. मोटारीला मागून दुसऱ्या वाहनाची धडक बसली म्हणजे हाच प्रकार अधिक भयंकर रीतीनें घडतो. गाडी पुढें लोटली जाते. तिच्याबरोबर आसन पुढें येतें. आसनाची पाठ धडाला पुढें ढकलते. डोक्याच्या मागें मात्र ढकलणारें कांहीं नसेल, तर तें होतें तेथेंच राहूं पाहतें. धड पुढें आणि डोकें मागें अशा ओढाताणींत मानेच्या सात मणक्यांची माळ आधीं नागमोडी वांकते आणि मग मागच्या बाजूस लवते. हें सारें डोळ्याचें पातें लवेपर्यंत होऊन जातें. मागाहून सावध होऊन मान आवरण्याइतका अवसर मनुष्याला मिळत नाहीं.

मोठ्या माणसाच्या डोक्याचें वजन साडेचार ते पांच किलो असतें. धडकेच्या क्षणीं त्याला गुरुत्वाच्या १० पट प्रवेग मिळाला असें धरलें, तर त्या क्षणापुरतें तें मानेला ५० किलोच्या पोत्याएवढें भारी होतें. इंग्रजींत या इजेला चाबकाच्या फटक्याचें नांव आहे, आणि तें अगदीं यथार्थ आहे. हाड मोडलेलें नसतें, रक्त आलेलें नसतें. मनुष्य गाडींतून आपल्या पायांनीं उतरतो आणि कांहीं झालें नाहीं म्हणून घरीं जातो. दुखणें कांहीं तासांनीं किंवा दुसऱ्या दिवशीं सुरू होतें, आणि कित्येकांच्या बाबतींत तें महिनोन् महिने पाठ सोडीत नाहीं.

ह्याच कारणासाठीं अमेरिकेंत १ जानेवारी १९६९ पासून नव्या प्रवासी मोटारींच्या पुढील आसनांना हा अडसर सक्तीचा करण्यांत आला. त्यापूर्वींच्या गाड्या पाहिल्या तर आसनाची पाठ खांद्यापाशींच संपलेली दिसेल. भारतांत २०१४ सालीं बंद पडलेली अँबॅसडर, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी फियाट आणि पुढें तीच प्रीमियर पद्मिनी, तसेंच महिंद्रांची जीप, या गाड्यांच्या जुन्या नमुन्यांत डोक्याच्या मागें कांहींच नसे. त्या गाड्यांतून आयुष्य काढलेली पिढी अजून हयात आहे, आणि "आमचें काय बिघडलें?" असें ती विचारतेही. त्यावर उत्तर एवढेंच कीं, त्या काळीं रस्त्यावर गाड्या थोड्या होत्या व त्यांचा वेग बेताचा असे. आज ती स्थिति राहिलेली नाहीं.

परभणी जिल्ह्यांत मागून धडक बसण्याचे प्रसंग कोठें येतात हें सांगावयास पंडित नको. पाथरी, मानवत, परभणी आणि पुढें नांदेड असा जो हमरस्ता आहे, त्यावर गांव आलें कीं गतिरोधक येतो. उसाच्या हंगामांत मागें दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारांत अवचित समोर दिसते. काळ्या मातीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यानंतर लाटेसारखा उठतो. म्हशींचा कळप तर कोणत्याच वाहनाची वाट पाहत नाहीं. पुढचा चालक ब्रेक दाबतो. मागच्या चालकाला तितका अवसर मिळतोच असें नाहीं. आजीबाईंनीं उशी मागितली ती सुखासाठीं. पण तिची खरी गरज लागेल ती अशा क्षणीं. म्हणून परक्या गाडीची उशी घेतांना "बसते का?" हा एकच प्रश्न पुरेसा नाहीं. "बसल्यावर धरते का?" हा दुसरा प्रश्न विचारला पाहिजे, आणि तोच महत्त्वाचा आहे.

आतां या उशीची रचना पाहूं. वरून रेक्झिन किंवा कापड, त्याच्या आंत फोम, आणि फोमच्या पोटांत लोखंडी किंवा कठीण प्लास्टिकचा सांगाडा. या सांगाड्यांतून दोन पोलादी दांड्या खालीं येतात. आसनाच्या पाठींतही लोखंडी सांगाडा असतो. त्याच्या माथ्यावरील आडव्या नळीला दोन आंखूड उभ्या नळ्या कारखान्यांतच वेल्डिंग करून पक्क्या केलेल्या असतात. त्या नळ्यांत वरून प्लास्टिकच्या दोन नळकांड्या दाबून बसविलेल्या असतात. यांना गॅरेजांत गाईड म्हणतात. बहुतेक गाड्यांत दोहोंपैकीं एका गाईडला खटका असतो व दुसरी साधी असते. ज्या बाजूस खटका असतो त्या बाजूच्या दांडीवर खांचा पाडलेल्या असतात. खटक्याची स्प्रिंग खांचेंत अडकली कीं उशी त्या उंचीवर थांबते. म्हणजे मानेवरचा भार उशीवर, उशीचा दांड्यांवर, दांड्यांचा गाईडवर, गाईडचा नळीवर आणि नळीचा आसनाच्या सांगाड्यावर, अशी ही सांखळी आहे. सांखळी किती बळकट हें तिच्या सर्वांत दुबळ्या कडीवरून ठरतें. परकी उशी बसवितांना यांतली नेमकी एखादी कडी दुबळी करून ठेवली जाते.

पहिलें माप दोन दांड्यांमधील अंतराचें. तें एका दांडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत धरावयाचें असतें. मध्य डोळ्यांनीं ठरविणें कठीण. म्हणून एका दांडीच्या डाव्या कडेपासून दुसरीच्या डाव्या कडेपर्यंत मोजावें, म्हणजे तेंच अंतर मिळतें. हें अंतर सर्व गाड्यांत एक नसतें. निरनिराळे कारखानदार आपापल्या सोयीप्रमाणें तें ठेवतात. येथें दोन-तीन मिलिमीटरांचा फरक असला तरी उशी जोर करून आंत घालतां येते, आणि धोका तेथूनच सुरू होतो. दांड्या गाईडमध्यें तिरप्या घासतात, प्लास्टिक झिजतें, खटका खांचेंत पुरा उतरत नाहीं. फरक याहून अधिक असेल तर दांड्या वांकवून जुळवून घेण्याची युक्ति सुचविली जाते. ती मुळींच मान्य करूं नये. एकदां वांकवून सरळ केलेली दांडी पूर्वीच्या बळाची राहत नाहीं.

या मापासाठीं एक सोपा उपाय आहे. जाड पुठ्ठ्याचा तुकडा आसनाच्या माथ्यावर ठेवून दोन्ही गाईडच्या भोंकांच्या खुणा त्यावर कराव्या, तीं भोंकें नेमकीं कापावीं आणि तो पुठ्ठाच बाजारांत न्यावा. ज्या उशीच्या दोन्ही दांड्या पुठ्ठ्यांतून अडल्याशिवाय व डुगडुगल्याशिवाय जातील तिचाच पुढें विचार करावा.

दुसरें माप दांडीच्या जाडीचें. साधारणतः या दांड्या १० ते १४ मिलिमीटर जाडीच्या असतात. फूटपट्टीनें हें माप बरोबर येत नाहीं. मिस्त्र्याजवळ व्हर्नियर कॅलिपर असतो, त्यानें तें घ्यावें. दांडी एक मिलिमीटरनें बारीक असली तर ती गाईडमध्यें खडखडते व खटका खांचेंत नुसता टेकून राहतो. अशा दांडीला चिकटपट्टी किंवा रबराची नळी गुंडाळण्याचा प्रघात आहे. त्यानें खडखडाट थांबतो, आणि खडखडाट थांबला म्हणून मालक समाधान पावतो. परंतु धडकेच्या वेळीं चिकटपट्टी कांहींच धरून ठेवीत नाहीं. उलट दांडी जाड असली तर गाईडचें भोंक ड्रिलनें मोठें करतात. परभणीस मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि उन्हांत बंद ठेवलेल्या गाडींत तर त्याहून कितीतरी अधिक उष्णता होते. वर्षानुवर्षें अशा उन्हांत तापून ठिसूळ झालेलें प्लास्टिक कोरून पातळ केलें तर तें किती दिवस टिकेल, हें सांगावयास नको. यावर योग्य उपाय एकच. ज्या गाडीची उशी घ्यावयाची तिचे गाईडही सोबत घ्यावेत, आणि ते आपल्या आसनाच्या नळ्यांत नीट बसतात कीं नाहीं तें पाहावें. कांहीं गाड्यांत या नळ्या गोल असतात, कांहींत चौकोनी. त्या जुळल्या तरच हा उपाय साधतो.

तिसरी गोष्ट खांचांची. आसनाचा खटका उजव्या बाजूस आणि उशीच्या खांचा डाव्या दांडीवर, असें झालें तर उशी आंत जाते पण अडकत नाहीं. उशी फिरवून घालावी म्हटलें तर तिचें तोंड मागें होतें. दोन्ही बाजूंच्या नळ्या सारख्या असल्यास गाईडची अदलाबदल करून हा प्रश्न सुटतो. नाहीं तर ती उशी सोडून द्यावी. सर्वांत खालची खांच कोठें आहे, हेंही पाहावें. उशी वर ओढतांना ती एकदम हातांत येऊं नये यासाठीं ती खांच असते. दांड्या लांब वाटल्या म्हणून खालून कापून टाकल्या, तर ही शेवटची खांच हमखास जाते.

चौथी गोष्ट लांबी आणि वांक यांची. दांडी लांब असली कीं उशी उंच राहते, आणि तें चांगलेंच, असें सकृद्दर्शनीं वाटतें. परंतु येथें तरफेचा नियम लागूं होतो. उशी आसनाच्या माथ्यापासून १० सेंटिमीटर उंच असतां तिच्यावर जो भार पडतो, तोच भार २० सेंटिमीटर उंचीवर पडला तर आसनाच्या माथ्यापाशीं दांडी वांकविणारा जोर दुप्पट होतो. अमेरिकेच्या व युरोपच्या नियमांत उशीनें ८९० न्यूटन, म्हणजे सुमारें ९१ किलो वजनाइतका भार मोडल्यावांचून सोसला पाहिजे अशी अट आहे. मूळ कारखानदारानें आपल्या दांडीची जाडी, लांबी आणि नळीची बळकटी यांचा मेळ अशा भाराच्या हिशेबानें घातलेला असतो. पुण्यांत १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत अशा वस्तु कसोटीस लावल्या जातात. एका गाडीची उशी आणि दुसऱ्या गाडीचें आसन यांच्या जोडीची कसोटी मात्र कोणींच घेतलेली नसते. म्हणून मूळ उशीहून, किंवा त्याच गाडीच्या वरच्या दर्जाच्या उशीहून, फार उंच राहणारी उशी टाळावी.

वांकाचेंही तसेंच. कित्येक गाड्यांत दांड्या सरळ असतात, कित्येकांत त्या मध्यें पुढच्या बाजूस वांकलेल्या असतात. फार कललेल्या आसनासाठीं केलेली पुढें वांकलेली उशी ताठ पाठीच्या आसनावर बसविली, तर ती डोकें पुढें रेटते व हनुवटी छातीकडे जाते. अशा उशीचा प्रवाशाला दहा मिनिटांत कंटाळा येतो, आणि तो ती काढून डिकींत टाकतो. म्हणजे सारा खटाटोप व्यर्थ!

पांचवी गोष्ट उशीच्या आकाराची. ती निदान इतकी रुंद असावी कीं डोकें थोडें बाजूस कललें तरी तिच्याबाहेर जाऊं नये. युरोपांतील नियमाप्रमाणें मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस ती ८.५ सेंटिमीटर तरी भरली पाहिजे. उशी अगदीं खालीं दाबली असतां तिच्यांत व आसनाच्या माथ्यांत २.५ सेंटिमीटरांहून अधिक फट राहूं नये, असेंही तो नियम सांगतो. उशीची मागची बाजूही हातानें चांचपून पाहावी. पुढच्या आसनावरील उशीच्या मागें दुसऱ्या कोणाचें तरी तोंड असतें, आणि समोरून धडक बसली तर तें तिच्यावरच आदळतें. स्थानिक कारागिरानें आंत प्लायवूडची फळी व खिळे घालून तयार केलेली उशी दिसावयास कितीही सुबक असली तरी या एका कारणासाठीं त्याज्य समजावी.

हीं पांच मापें जुळलीं आणि उशी बसली, म्हणजे दोन गोष्टी तपासावयाच्या राहतात. पहिली उंची. जो मनुष्य त्या जागीं बसणार त्यालाच तेथें बसवावें. उशीचा माथा त्याच्या डोक्याच्या माथ्याबरोबर यावा; तें साधत नसेल तर निदान कानाच्या वरच्या टोकाच्या खालीं तरी तो नसावा. उशी मानेच्या खळग्यांत रुतलेली पुष्कळांना सुखाची वाटते, पण तीच सर्वांत वाईट जागा होय. ऊंस मोडावयाचा असला म्हणजे मनुष्य तो गुडघ्यावर टेकवून दोन्ही हातांनीं दाबतो. गुडघा नसला तर ऊंस नुसता लवतो. मानेमागें खालीं राहिलेली उशी धडकेच्या वेळीं त्या गुडघ्याचें काम करते. डोकें तिच्यावरून मागें कलंडतें आणि सारा भार मानेच्या एकाच ठिकाणीं येतो.

दुसरी गोष्ट डोकें आणि उशी यांच्यामधील अंतर. तें जितकें थोडें तितकें बरें, कारण डोक्याला मागें जावयास जितकी जागा अधिक तितकी मान अधिक ताणली जाते. अमेरिकेच्या २००४ सालच्या सुधारित नियमांत पुढच्या आसनासाठीं हें अंतर साडेपांच सेंटिमीटरांपर्यंत मर्यादित केलेलें आहे. घरगुती मापानें सांगावयाचें तर सहज ताठ बसलेल्या माणसाच्या डोक्यामागें तीन बोटें जावीं, त्याहून अधिक जाऊं नयेत. अंतर अधिक असेल तर आसनाची पाठ थोडी उभी करून पाहावी. मागचा बांक तसा करतां येत नसेल तर वांक जुळणारी दुसरी उशी शोधावी.

यानंतर जोराची परीक्षा. प्रत्येक खांचेंत उशी अडकवून, खटका न दाबतां, दोन्ही हातांनीं ती खालीं दाबावी. मग वर ओढावी. मग मागें रेटावी. ती खालीं घसरली, वर निघाली किंवा कोठें कुरकुरली, तर मालकानें मिस्त्र्याच्या भिडेस न पडतां ती परत करावी. हातांच्या जोराला जी दाद देते ती धडकेपुढें काय टिकणार?

हें सर्व झालें ते आसनांत नळ्या असतील तेव्हां. परंतु स्वस्त दर्जाच्या गाडीच्या मागच्या बांकांत कित्येकदां या नळ्याच नसतात, आणि खरी अडचण तेथें येते. अशा वेळीं कव्हरवाला वरचें रेक्झिन कापून दांड्या सरळ फोममध्यें खोंचून देतो. वरून पाहिलें तर काम बेमालूम दिसतें. पण वर सांगितलेल्या सांखळीच्या शेवटच्या दोन कड्याच तेथें नाहींत. ही उशी नुसती शोभेची होय. दुसरा मार्ग नळ्या वेल्डिंग करून लावण्याचा. आसनाचा सांगाडा पातळ पोलादाचा असतो; अति उष्णतेनें सांध्याजवळचें पोलाद कमजोर होऊं शकतें, ठिणगीनें फोम पेट घेऊं शकतो, आणि नळी नेमक्या कोनांत बसली कीं नाहीं हें दांडी घालेपर्यंत कळत नाहीं. पट्ट्यांनीं बांधावयाच्या उशा बाजारांत मिळतात. त्या डुलकी घेण्यापुरत्या ठीक, अडसर म्हणून त्यांचा उपयोग धरूं नये.

नळ्या नसलेल्या बांकासाठीं निर्धोक मार्ग एकच आहे. त्याच नांवाच्या, त्याच बनावटीच्या, पण वरच्या दर्जाच्या गाडीच्या मागच्या आसनाची पाठ तिच्या उशांसह घ्यावी. तिचे जमिनीशीं जोडणारे बोल्ट व बिजागऱ्या बहुधा त्याच जागीं येतात; तरी पाठ अखंड आहे कीं दोन तुकड्यांची, हें आधीं पडताळून पाहावें. विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या यादींत असा भाग क्रमांकासह मिळतो. नवा महाग वाटला तर मुंबईंतील कुर्ला किंवा दिल्लींतील मायापुरी येथील जुन्या भागांच्या बाजारांत तो सांपडूं शकतो. मात्र अपघातांत चेंगरलेल्या गाडीचें आसन घेऊं नये. आसनाच्या कुशींत एअरबॅग असेल, किंवा धडकेच्या वेळीं आपोआप पुढें येणारी यांत्रिक उशी असेल, तर तेथें अदलाबदलीचा विचारच करूं नये. तें काम अधिकृत कार्यशाळेचें.

कायद्याकडेही लक्ष असावें. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीच्या दाखल्यांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करण्यास मनाई केलेली आहे. नुसत्या उशीचा उल्लेख दाखल्यांत नसतो; परंतु आसनसंख्या असते. म्हणून आसनें बदलतांना बैठकींची संख्या कमी-अधिक होणार असेल, तर आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें.

मागच्या उशा बसल्यावर घरच्या मंडळींनीं दोन-तीन बारीक गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मागें कोणी बसलेलें नसेल तेव्हां उशा खालीं दाबून ठेवाव्या, म्हणजे चालकाला आरशांत मागचा रस्ता दिसतो. कोणी बसलें कीं त्या वर घ्याव्या. कित्येक गाड्यांत मागची उशी खालीं असतां मुद्दाम पाठीला टोंचेल अशी केलेली असते. तो दोष नव्हे, ती वर उचला म्हणून केलेली आठवण होय. लहान मुलाची स्वतंत्र खुर्ची लावतांना उशी आड येत असेल तर खुर्चीबरोबर आलेल्या सूचनेप्रमाणें वागावें. आणि खुर्ची काढल्यावर उशी पुन्हा जागेवर लावण्यास विसरूं नये.

या गांवाच्या नांवावर "बनी तो बनी, नहीं तो परभणी" अशी एक जुनी म्हण लोकांच्या तोंडीं आहे. जमलें तर जमलें, नाहीं तर परभणी आहेच! नव्या धंद्यांत, नव्या गांवांत किंवा शेतांतील नव्या बियाण्याच्या बाबतींत ही वृत्ति हिमतीची म्हणावी लागेल. मानेच्या बाबतींत ती चालत नाहीं. तेथें जमतें कीं नाहीं हें पुठ्ठा, कॅलिपर आणि दोन हात यांनीं आधींच ठरवून घेतलें पाहिजे. गॅरेजच्या कोपऱ्यांतील त्या दोन उशा कदाचित् बसतील, कदाचित् नाहीं. नाहींच बसल्या तर चिरंजीवांनीं रिकाम्या हातीं घरीं यावें, महिनाभर थांबून वरच्या दर्जाची पाठ मिळवावी, आणि तोंवर आजीबाईंना पुढच्या आसनावर पट्टा लावून बसवावें. पुढच्या आसनाला उशी असते. गाडी सुरू करण्यापूर्वीं तेवढी त्यांच्या डोक्याच्या उंचीला लावून घ्यावी. कारण आजवर ती बहुधा चिरंजीवांच्या सौभाग्यवतींच्या उंचीची असेल.